दैवतांचे ऐक्य आणि ऐक्याची अधिसत्ता : 'ग्लोरांथा'च्या निमित्ताने

दोन भिन्न समाज भिन्न नावांनी आणि भिन्न विधींनी ज्यांची उपासना करतात ती दैवते 'मुळात एकच' आहेत, हे विधान दैवतविज्ञानात आणि लोकसाहित्याच्या अभ्यासात इतक्या सहजतेने केले जाते की त्याचे स्वरूप तपासण्याची गरज क्वचितच कोणाला भासते. हिरोडोटसने इजिप्तमधील दैवतांना ग्रीक नावांनी संबोधले. टॅसिटसने एका जर्मानिक टोळीच्या जुळ्या दैवतांची ओळख कॅस्टर आणि पोलक्स अशी करून दिली. मात्र ही ओळख 'रोमन अर्थनिर्णयना'नुसार आहे, असे नमूद करण्यास तो विसरला नाही. ऐक्य कोणाच्या हिशेबाने, हे त्याने निदान सांगितले. पुढील काळातील अभ्यासाने हे विशेषण गाळून टाकले आणि केवळ ऐक्य शिल्लक ठेवले. असे ऐक्य प्रस्थापित करणाऱ्याच्या पदरी दुहेरी पुण्य पडते. एक, तो पृष्ठभागाखालचे सत्य पाहणारा ज्ञानी ठरतो. दोन, भांडणाऱ्या उपासकांना 'तुम्ही सारे एकाचीच पूजा करता' असे सांगणारा उदारमतवादीही ठरतो. हे पुण्य कितपत खरे आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

त्यासाठी येथे एक काल्पनिक विश्व निवडले आहे. ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) या अमेरिकन लेखकाने १९६६ पासून 'ग्लोरांथा' नावाचे एक जग रचण्यास प्रारंभ केला. हे जग आरंभी १९७५ मध्ये एका पटावरील युद्धखेळाच्या रूपाने आणि नंतर १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' या खेळाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. 'रोल-प्लेइंग गेम', ज्याला मराठीत भूमिकाखेळ म्हणता येईल, हा प्रकार मराठी समीक्षेला फारसा परिचित नाही. चार-सहा जण एका मेजाभोवती बसतात. एक जण संचालक होतो व जगाचे वर्णन करतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र होऊन त्या पात्राच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो, आणि निर्णयाचे फळ फाशांच्या साहाय्याने ठरते. लिखित संहिता असते ती नियमांची आणि जगाच्या वर्णनाची. कथा मेजावर घडते व बहुधा तेथेच विरून जाते. वाङ्मयप्रकार म्हणून त्याची गणना कोठे करावी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या खेळांच्या पुस्तकांत गेल्या पन्नास वर्षांत दैवतकथांचे जे लेखन झाले आहे त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. स्टॅफर्डचे लेखन तर या प्रकारात अगदी निराळे उठून दिसते. 'रूनक्वेस्ट'मध्ये पात्राला कोणत्या तरी उपासनापंथाची दीक्षा घ्यावी लागते; तो जे सामर्थ्य मिळवतो ते त्या दैवताकडून. पात्र कोण आहे आणि ते कोणाला पूजते, हे दोन प्रश्न तेथे वेगळे काढता येत नाहीत.

दैवतांच्या ऐक्याचा प्रश्न काल्पनिक जगाच्या आधारे तपासण्याचे कारण असे की प्रत्यक्ष जगात या प्रश्नाला एक सोयीची पळवाट आहे. दैवते ही मानवी कल्पनेची निर्मिती, तेव्हा एका कल्पनेची दुसरीशी तुलना करण्यास हरकत ती कोणती, असे अभ्यासकाला म्हणता येते. उपासक दुखावला तर त्याचे दुखावणे हा भावनेचा भाग ठरतो. ग्लोरांथात ही पळवाट बंद आहे. तेथे दैवते आहेत, ती हाकेला उत्तर देतात, त्यांच्या कृपेने पाऊस पडतो आणि त्यांच्या कोपाने पीक जाते. शिवाय ते जग एका लेखकाने रचलेले असल्यामुळे 'खरे काय' हे सांगण्याचा निर्विवाद अधिकार असलेली व्यक्तीही उपलब्ध आहे. म्हणजे ऐक्याचे विधान सिद्ध किंवा असिद्ध करण्यासाठी याहून अनुकूल प्रयोगशाळा सापडणार नाही. आणि तरीही तेथे हे विधान सिद्ध होत नाही.

सूर्यवधाची कथा घ्यावी. डोंगराळ प्रदेशातील ऑर्लान्थी कुळांच्या कथेनुसार येल्म हा जुलमी सम्राट होता; वादळदेव ऑर्लान्थने मृत्यू नावाचे शस्त्र वापरून त्याला मारले. त्यातून महाअंधार पसरला, जग मोडू लागले, तेव्हा आपल्या कृत्याची जबाबदारी स्वीकारून ऑर्लान्थ सहकाऱ्यांसह पाताळात उतरला आणि सूर्याला परत घेऊन आला. नदीकाठच्या दारा हाप्पा या प्राचीन नागर संस्कृतीत हीच घटना राजद्रोहाची म्हणून सांगितली जाते. तेथे ऑर्लान्थला त्याचे नाव नाही. तो नुसता बंडखोर आहे, व्यवस्थेचा शत्रू आहे. तिसरी कथा अंधारात राहणाऱ्या ट्रोल जमातीची. ते स्वतःला 'उझ' म्हणवतात. मेलेला सूर्य जेथे कोसळला ते पाताळ त्यांचे घर होते. जळणाऱ्या सम्राटाच्या आगमनाने ते घर उद्ध्वस्त झाले आणि त्यांना पृथ्वीच्या पृष्ठभागावर परागंदा होऊन यावे लागले. वरच्या लोकांसाठी ज्या दिवशी प्रकाश नाहीसा झाला, त्याच दिवशी या लोकांवर प्रकाश कोसळला.

तीन कथांतील घटना एकच आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ती 'एकच घटना' सांगावयाची तर कोणत्या शब्दांत? 'ऑर्लान्थने येल्मला मारले' हे वाक्य तटस्थ वाटते. प्रत्यक्षात ते ऑर्लान्थी वाक्य आहे, कारण त्यात मारणाऱ्याला दैवताचे नाव आणि कर्तेपण दिलेले आहे. 'बंडखोराने सम्राटाचा खून केला' हे दारा हाप्पाचे वाक्य. उझ लोकांच्या वाक्यात मारणारा गौण ठरतो, पडणारा मुख्य. शब्द कितीही खरवडले तरी अशी एक भूमी सापडत नाही, जेथे उभे राहून तिन्ही कथांकडे समान अंतरावरून पाहता येईल.

येथे तर्कशास्त्राचा अभ्यासक फ्रेगेच्या १८९२ मधील निबंधाचे स्मरण करून देईल. पहाटतारा आणि सांजतारा या दोन संज्ञांचे आशय भिन्न, पण निर्दिष्ट वस्तू एकच, ती म्हणजे शुक्र. मग दैवतांच्या बाबतीत तसे का नसावे? कारण शुक्र हा पाहणाऱ्यावर अवलंबून नाही. त्याची कक्षा मोजता येते आणि मोजणाऱ्याच्या श्रद्धेने ती बदलत नाही. दैवत मात्र त्याच्या उपासनेतूनच गाठता येते. ग्लोरांथात तर हे अक्षरशः खरे आहे. तेथील उपासक विधीद्वारे दैवतकथेच्या काळात प्रवेश करतो आणि दैवताने जे केले ते स्वतः पुन्हा करतो. या प्रवासात त्याला जे मिळते ते त्याने कोणती कथा धरली यावर अवलंबून असते. वादळाचा उपासक सूर्यवधाच्या वाटेने गेला तर त्याला सामर्थ्य मिळेल. त्याच वाटेवर सूर्याचा उपासक गेला तर त्याला मरण अनुभवावे लागेल. वाट एकच, हे दोघांनाही सांगून काय साधणार?

हे 'साधणे' ज्यांनी गांभीर्याने मनावर घेतले, त्यांचा इतिहास स्टॅफर्डने आपल्या जगात घालून ठेवला आहे, आणि तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने हा या साऱ्या रचनेचा गाभा आहे. दुसऱ्या युगातील एका सागरी साम्राज्यात 'गॉड लर्नर्स' नावाचा विद्वानांचा वर्ग उदयास येतो. येथे त्यांना दैवतज्ञ म्हणू. ते स्वतः या दैवतांचे उपासक नाहीत. ते एका अमूर्त, निराकार निर्मात्याला मानणाऱ्या परंपरेतून आलेले आहेत, आणि म्हणूनच इतरांची दैवते त्यांना अभ्यासविषय वाटतात. ठिकठिकाणच्या कथा गोळा करून, त्यांची तुलना करून, त्यांतील साम्ये जुळवून ते एक सलग कथा तयार करतात : 'मोनोमिथ', म्हणजेच एकमिथक. ही संज्ञा जोसेफ कॅम्बेल यांच्या १९४९ मधील ग्रंथाने रूढ केली, आणि स्टॅफर्डवर कॅम्बेलचा प्रभाव होता हे लक्षात घेतले म्हणजे यातील उपरोध ध्यानात येतो. शिष्याने गुरूची संज्ञा घेतली आणि ती आपल्या जगातील सर्वांत द्वेषपात्र विद्वानांच्या हाती दिली.

दैवतज्ञ केवळ ग्रंथकर्ते नव्हते. विधीच्या वाटांनी ते स्वतः कथांत शिरत, आणि कथा आपल्याला हवी तशी वळवीत. त्यांच्या एका प्रयोगाचा उल्लेख ग्लोरांथाविषयक लेखनात वारंवार येतो. दोन प्रदेशांतील भूमिदेवता एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत, तेव्हा त्यांची अदलाबदल केली तर काहीच बिघडू नये, असा त्यांचा तर्क होता. अदलाबदल झाली आणि पिके बुडाली. ज्या बाईने पिढ्यानपिढ्या एका मातेला नैवेद्य दाखवला तिच्या शेतात दुसरीच माता येऊन बसली होती. पुढे या साम्राज्याचा अंत होतो. दैवतज्ञांची भूमी समुद्राखाली जाते. त्यांचे नाव नंतरच्या युगात शिवीसारखे वापरले जाते.

या कथेचा सोपा अर्थ असा लावला जातो की दैवतज्ञ चुकीचे होते : त्या दोन देवी एक नव्हत्याच. हा अर्थ अपुरा आहे. संहितेत असे कोठेही ठामपणे म्हटलेले नाही की त्यांचे सिद्धांत खोटे होते. उलट त्यांच्या ज्ञानाने खरोखर कार्य साधत होते, आणि म्हणूनच ते भयंकर होते. त्या दोन देवी एखाद्या अर्थाने एक असतीलही. दैवतज्ञांचा दोष ज्ञानाच्या कक्षेतला नसून नीतीच्या कक्षेतला आहे. ऐक्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या निष्कर्षाची परीक्षा मात्र दुसऱ्यांच्या शेतात झाली. पीक बुडाले तेव्हा उपाशी कोण राहिले, या प्रश्नाच्या उत्तरात दैवतज्ञांचे नाव येत नाही. 'ही आणि ती एकच' असे म्हणणाऱ्याने त्या म्हणण्याची किंमत स्वतः भरावयास हवी, अशी एक नैतिक अट या कथेतून पुढे येते. दैवतज्ञांच्या ज्ञानव्यवस्थेत या अटीला जागाच नव्हती, कारण जो कोणाचाच उपासक नाही त्याच्याकडे भरण्यासारखे काही नसते.

एवढ्यावर थांबले तर स्टॅफर्डचे लेखन हे तौलनिक दैवतविज्ञानावरचे एक रूपक ठरेल, आणि रूपके फार काळ टिकत नाहीत. परंतु या लेखनात एक अंतर्विरोध आहे आणि त्यामुळेच ते समीक्षेला खरे खाद्य पुरवते. खेळाचे पुस्तक हे आपल्या रूपबंधानेच दैवतज्ञांचे पुस्तक असते. १९७९ मधील 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' पाहावे. त्यात १५ पंथांचे वर्णन एकाच साच्यात केलेले आहे : दैवतकथा आणि इतिहास, पंथाचे स्वरूप, संघटना, सामान्य अनुयायी, दीक्षित, पुरोहित, मिळणारी सामर्थ्ये, संबंधित पंथ. वादळदेव असो वा ट्रोलांची आदिमाता, सर्वांना तेच रकाने. प्रत्येक दैवताला ठरावीक चिन्हे वाटून दिलेली आहेत, आणि चिन्हे समान असली की दैवते तुलनीय होतात. शिरगणतीच्या तक्त्यात माणूस जसा जातीच्या रकान्यात बसतो, तसे येथे दैवत बसते. १९८५च्या 'गॉड्ज ऑफ ग्लोरांथा' या संचात निरनिराळ्या समाजांतील पुरोहितांना बोलते केले आहे. जग कोठून आले, माणूस का मरतो अशा प्रश्नांना प्रत्येक जण आपापले उत्तर देतो. उत्तरे विलक्षण भिन्न आहेत. प्रश्न मात्र सर्वांना तेच विचारलेले आहेत, आणि एखाद्या समाजाला हे प्रश्न पडतच नसतील ही शक्यता प्रश्नावलीने आधीच बाद केलेली आहे. इतकेच काय, अनेक पुस्तकांत दैवतकथांचा जो सलग सांगाडा वाचकापुढे येतो तोही दैवतज्ञांच्या एकमिथकाचाच आहे. ज्यांचा निषेध करावयाचा त्यांच्याच खांद्यावर उभे राहिल्याशिवाय वाचकाला हे जग दिसत नाही.

स्टॅफर्डला याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स'मध्येच त्याने या तक्त्यांच्या मधोमध एका फिरत्या व्यापाऱ्याचे प्रवासवृत्त गुंफले आहे. बिट्यूरियन वारोश नावाचा हा व्यापारी एकेका पंथाच्या लोकांना भेटतो, आणि तक्त्यात जे निश्चित वाटते ते त्याच्या अनुभवात डळमळीत होते. पुढे १९९२च्या 'किंग ऑफ सार्टार'मध्ये तर लेखकाचा सर्वज्ञ स्वर जवळजवळ नाहीसा झाला आहे. ते पुस्तक म्हणजे त्या जगातीलच विद्वानांनी जमवलेल्या, परस्परांशी न जुळणाऱ्या कागदपत्रांचा संग्रह आहे. बाख्तीनच्या परिभाषेत याला बहुस्वरता म्हणावे, असे वाटू शकते. पण येथे थोडे सावध राहिले पाहिजे. बाख्तीनला अभिप्रेत असलेले स्वर एकमेकांना ऐकतात, प्रत्युत्तर देतात. 'किंग ऑफ सार्टार'मधील कागदपत्रे एकमेकांना ऐकत नाहीत. ती एका दप्तरात शेजारी शेजारी पडून आहेत, एवढाच त्यांचा संबंध. निर्णय देणारा न्यायाधीश उठून गेला आहे, आणि साक्षीदारांना ते कळलेले नाही.

न्यायाधीशाच्या या गैरहजेरीत जे एक प्रकरण निकालावाचून राहिले, ते एल्माल आणि येल्मालिओ यांचे. १९७९ मध्ये वाचकांना येल्मालिओ भेटला होता : सूर्याचा पुत्र, उष्णता गमावलेला प्रकाश. त्याच्या पंथाची मूळ कथा पराभवाची आहे. महाअंधाराच्या काळात सुवर्णटेकडीवर ऑर्लान्थने त्याची शस्त्रे हिरावून घेतली, झोराक झोरान या ट्रोलदेवाने त्याचा अग्नी हिरावून घेतला, आणि तरीही तो विझला नाही. त्याचे उपासक हे भोगणे स्वेच्छेने पुन्हा भोगतात. मग १९९०च्या दशकाच्या आरंभी, विशेषतः 'किंग ऑफ सार्टार'मध्ये, एल्माल पुढे आला : ऑर्लान्थी कुळांचा सूर्यदेव. त्याच्या कथेत सुवर्णटेकडी नाही. ऑर्लान्थ पाताळात उतरला तेव्हा त्याने घर ज्याच्या स्वाधीन केले तो हा विश्वासू सरदार. जग अंधारले, शत्रूंनी वेढले, तरी त्याने उंबरठा सोडला नाही.

या दोन देवांत साम्ये इतकी आहेत की ते एकच मानण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटते : दोघे धाकटे सूर्य, दोघे भालाधारी, दोघे महाअंधारात एकाकी तगून राहिलेले. पण एकाच्या शरीरावरची जखम ऑर्लान्थने केलेली आहे आणि दुसऱ्याच्या हातातली किल्ली ऑर्लान्थने दिलेली आहे. हा फरक 'रूपा'चा म्हणून बाजूला सारता येत नाही. आपल्या शेजाऱ्याकडे ज्याने आपल्याला लुटले त्याचा वंशज म्हणून पाहावे, की ज्याने आपल्यावर घर सोपवले त्याचा वंशज म्हणून, हा प्रश्न त्या कुळांच्या दैनंदिन जगण्याचा आहे.

संहितेत हा प्रश्न मॉनरॉग नावाच्या माणसाने प्रत्यक्षात आणला आहे. तो एल्मालच्या उपासकांपैकीच. ऑर्लान्थी कुळांमध्ये या उपासकांच्या वाट्याला दुय्यमत्व येऊ लागले, तंटे वाढले, तेव्हा आपल्या देवाचे खरे स्वरूप शोधण्यासाठी तो दैवतकथेच्या प्रवासाला निघाला, आणि परत येऊन म्हणाला की आपण ज्याला एल्माल म्हणतो तो येल्मालिओ आहे. अनेकांनी त्याचे ऐकले. सार्टारच्या राजघराण्यातील टार्कालॉरच्या साहाय्याने त्यांना वेगळी भूमी मिळाली आणि तेथे सूर्यमंदिर उभे राहिले. जे मागे राहिले ते एल्मालचीच पूजा करीत राहिले. मॉनरॉगने केलेले विधान रूपाने दैवतज्ञांच्या विधानासारखेच आहे : हा आणि तो एकच. तरीही दोहोंत एक मूलगामी अंतर आहे. मॉनरॉग ज्या देवाविषयी बोलत होता तो त्याचा स्वतःचा देव होता, प्रवासात जीव जाण्याची शक्यता त्याची स्वतःची होती, आणि शोधाचे जे फळ निघाले ते त्याला स्वतःला भोगावे लागले. दैवतज्ञांच्या कथेतून निघालेली अट त्याने पुरी केली, असे म्हणता येईल.

परंतु अट पुरी झाली म्हणून कृत्य निष्पाप ठरत नाही. मॉनरॉगच्या साक्षात्काराने कुळे दुभंगली. एका चुलीवर जेवलेल्या भावांपैकी एकाचा देव ऑर्लान्थचा मित्र राहिला आणि दुसऱ्याचा देव त्याचा बळी झाला. नव्या सूर्यभूमीसाठी जो प्रदेश मिळाला त्यावर पूर्वी अंधाराशी नाते सांगणाऱ्या कितोरींचा वावर होता. त्यांना तेथून हटावे लागले. भेदाचा पुरस्कार हा ऐक्याच्या पुरस्काराइतकाच रक्ताळलेला असू शकतो. अलीकडच्या समीक्षेत भेद या संकल्पनेला जे जवळजवळ धार्मिक पावित्र्य लाभले आहे, त्याच्यापुढे ही कथा जरूर ठेवावी. आणि एक गंमत अशी, की त्या जगाच्या कालक्रमात एल्माल आधीचा आणि सार्टारमधील येल्मालिओ नंतरचा. वाचकांच्या कालक्रमात मात्र येल्मालिओ आधी छापला गेला. वाचकाला जुना देव नवा भासला. छापील पुस्तकाने प्रथम ज्याची नोंद केली तो 'मूळ', ही सवय दैवतज्ञांपुरती मर्यादित नाही.

ऐक्याचा आणखी एक प्रकार उरतो, आणि भारतीय वाचकाला तो अधिक जवळचा आहे. दुसऱ्याच्या देवाला नाकारायचे नाही, बदलायचेही नाही. तो आपल्याच देवाचा अंश आहे असे म्हणून त्याला आपल्या घरात खालची जागा द्यायची. पॉल हाकर यांनी यास समावेशनवाद म्हटले. गीतेच्या नवव्या अध्यायात अन्य देवतांचे भक्तही श्रीकृष्णाचीच पूजा करतात असे म्हटले आहे, आणि लगोलग ती पूजा विधिपूर्वक नसल्याची नोंदही केली आहे. आलिंगन आणि श्रेणी एकाच श्लोकात येतात. ग्लोरांथातील चांद्र साम्राज्याचे धोरण याच जातीचे आहे. जिंकलेल्या प्रांतांत ते आपली चंद्रदेवी थेट पाठवीत नाही. तिला जन्म देणाऱ्या सात मातांचा प्रचारक पंथ पाठवते, आणि त्याच्या छत्राखाली सर्वांना जागा असल्याचे सांगते. हे औदार्य खोटे नाही. मात्र त्या छत्राखाली ऑर्लान्थला जागा मिळायची तर सम्राटाला मारणारा म्हणून मिळणार नाही.

मराठी अभ्यासपरंपरेत हा प्रश्न परका नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या वैष्णव रूपामागे गवळी-धनगरांचे दैवत उलगडून दाखवले. जेजुरीचा खंडोबा मल्हारी-मार्तंड म्हणून शिवाचा अवतार ठरतो, आणि मुसलमान भक्तांसाठी तोच मल्लूखान असतो. ढेरे यांच्या संशोधनाला दैवतज्ञांच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. 'मुळात कोण' हा त्यांचा प्रश्न ज्यांच्याकडून देव उचलला गेला त्यांना तो ऋणनिर्देशासह परत दाखवणारा आहे. तेथे ऐक्याच्या इतिहासातील देणेकऱ्याचे नाव लिहिले जाते. पण शीर्षकातील 'समन्वय' या शब्दाशी मात्र थबकावे लागते. समन्वय झाला हे खरे. तो कोणी केला, कोणावर झाला, आणि त्यात कोणती कथा सांगायची राहून गेली, हे प्रश्न त्या शब्दात मावत नाहीत.

इतर खेळविश्वांत हा प्रश्न बहुधा हिशेबाच्या पातळीवर उरतो. 'फर्गॉटन रेल्म्स' या विश्वात लाथांडर हा उषेचा देव आणि अमॉनेटर हा एका लुप्त साम्राज्याचा सूर्यदेव. २००८च्या आवृत्तीत पहिला दुसऱ्यात विलीन झाला, आणि २०१५च्या पुस्तकात दोघांची नावे पुन्हा वेगवेगळी आली. ऐक्य आणि भेद दोन्ही प्रकाशन-धोरणाच्या सोयीने ठरले. २००४ मधील 'एबेरॉन'ने, म्हणजे कीथ बेकरच्या विश्वाने, अधिक प्रामाणिक मार्ग घेतला : तेथे दैवते प्रत्यक्ष अवतरत नाहीत, तेव्हा ती आहेत की नाहीत हेच अनिर्णित राहते. पण मग श्रद्धेचा प्रश्न उरतो, ऐक्याचा उरत नाही. दैवते असूनही, ती उत्तर देत असूनही, त्यांची ओळख पटत नाही हा ताण एकट्या ग्लोरांथातच टिकवून धरलेला दिसतो.

या ताणाचा ग्लोरांथाने दिलेला एक पर्याय ऑर्लान्थच्या पाताळयात्रेत आहे. त्याकडे वीरकथा म्हणून पाहिले जाते, वस्तुतः ती कबुलीची कथा आहे. मृत सम्राटाच्या दरबारात उभे राहून ऑर्लान्थ असे म्हणत नाही की तू आणि मी एकाच तत्त्वाची दोन रूपे आहोत. तसे म्हणता आले असते तर पाताळात उतरण्याचे कारणच नव्हते; वरच बसून समन्वय साधता आला असता. तो परीक्षांना सामोरा जातो, आपले कृत्य आपले म्हणून मान्य करतो, आणि ज्याला मारले त्याच्याकडून ओळख मागतो. दोघे दोनच राहतात. त्यांच्यात जे घडते तो करार आहे. त्या करारातून काळ सुरू होतो आणि सूर्य उगवतो. ऐक्यावाचून शक्य असलेला सलोखा म्हणून या कथेचे मोल मोठे आहे, आणि ऑर्लान्थी लोकांना तिचा वाटणारा अभिमान रास्त आहे.

तथापि ही यात्रा ऑर्लान्थी लोकांच्या तोंडून ऐकलेली आहे. १९९४ मध्ये स्टॅफर्डने दारा हाप्पाच्या दृष्टिकोणातून लिहिलेला धर्मग्रंथवजा मजकूर प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच येल्मच्या वैभवशाली पुनरारोहणाविषयी आहे. त्या लोकांच्या लेखी सूर्य वर आला तो आपल्या सामर्थ्याने, आपल्या अधिकाराने. ज्याच्या कबुलीवर एका समाजाने आपला सारा नीतिविचार उभारला, ती कबुली ज्याच्यापुढे दिली त्याच्या पोथीत तिचे श्रेय नोंदलेले नाही. तिकडे डोंगरातल्या एका घरात, धनी परत येईल या भरवशावर, एल्माल अजून दारात उभा आहे.